चार इंच वर

केशकाल
२२ सप्टेंबर २०२५

मामा,

नमस्कार वाकून केला आहे. इथून दिसणार नाही, तेव्हा विश्वास ठेवा.

हे पत्र ज्या पोत्याला बांधलं आहे, त्यात माझ्या जीपचा मागचा प्रोपेलर शाफ्ट आहे. दोन तुकड्यांत आहे. मी तोडलेला नाही, तो आपणहून सुटला. बसचे ड्रायव्हर हिरालालभैया "हव मैडम, भनपुरी में खुद उतारूँगा" म्हणाले आहेत. म्हणजे तुमच्या दुकानासमोरच. त्यांना चहा पाजा. फोन केला असता, पण तुमच्याशी फोनवर बोलायचं म्हणजे अख्ख्या केशकालला ऐकवायचं. चाळीस वर्षं ग्राइंडरशेजारी उभं राहून तुम्ही कान घालवलेत, आणि कानात बसवलेलं यंत्र फोन जवळ नेला की शिट्टी मारतं. त्यापेक्षा पत्र बरं. बस रोज आहेच.

आता कबुली. या पावसाळ्यात माझी जीप नाल्यातल्या धोंड्यांवर तीनदा पोट टेकून बसली. एकदा तर पलीकडे म्हैस अडलेली आणि अलीकडे तिची डॉक्टर अडकलेली. म्हणून कोंडागावच्या एका मिस्त्रीकडून गाडी चार इंच उंच करून घेतली. स्प्रिंगचे नवे जाड पाटे बसवले. काय रुबाबदार दिसते म्हणून सांगू! माझे कंपाउंडर शेखर, पन्नाशीचे गृहस्थ, आता स्टुलावर चढून आत बसतात. तुम्हाला आधी विचारलं नाही, कारण तुम्ही नाही म्हणाला असता.

आठ दिवस मजेत गेले. काल एका चढावर मागचं चाक खड्ड्यावर लोंबकळलं, खाडकन आवाज झाला, आणि शाफ्टचा अर्धा भाग जमिनीवर. शेखर खाली वाकून म्हणाले, "मॅडम, काहीतरी पडलं. पण आपलंच आहे."

सध्या पुढच्या चाकांच्या जोरावर फिरते आहे. लांब करून द्याल ना?

तुमची लाडकी (अजूनही?)
इरावती


तात्यापारा, रायपूर
२५ सप्टेंबर

इरावती,

आशीर्वाद आहेत, पण आधी रागावून घेतो.

तुझ्या त्या मिस्त्रीने गाडी नुसती बाहेरून बघितली. दोन माणसं पलंग घेऊन जिना चढतात ते बघितलं आहेस? वरचा दोन पायऱ्या चढला आणि खालचा तिथेच राहिला, की पलंग तिरपा होतो, दोघांची मनगटं मुडपतात, आणि वरचा आणखी चढला तर पलंग खालच्याच्या हातून सुटतो. तुझ्या गाडीचं हेच झालं. जाड पाट्यांनी इंजिन, गियरबॉक्स, सगळं धड चार इंच वर उचललं. मागचा अ‍ॅक्सल चाकांबरोबर होता तिथेच राहिला. या दोघांच्या मध्ये, इंजिनचा जोर मागच्या चाकांकडे नेणारा बिचारा शाफ्ट. आधी तो जवळजवळ आडवा होता, आता घसरगुंडीसारखा झाला. त्याची मनगटं म्हणजे दोन टोकांचे क्रॉस, ते आता प्रत्येक फेऱ्यात जास्त मुडपणार. शिवाय अंतर वाढलं, म्हणून मधला सरकता जोड बाहेर ओढला गेला. आतल्या दात्यांची पकड चार बोटं हवी, ती बोटभर उरली असेल. चाक लोंबकळलं आणि तेवढीही सुटली.

हे सगळं तुला बाराव्या वर्षी, उन्हाळ्याच्या सुट्टीत, दुकानात स्टुलावर बसवून शिकवलं होतं. तू त्या वेळी आईसक्रीम खात होतीस वाटतं.

शाफ्टची नळी लांब करून देतो. गाडी सपाट जागेवर चारी चाकांवर उभी कर, नेहमीचं वजन आत ठेव, आणि फ्लँजपासून फ्लँजपर्यंत, म्हणजे शाफ्टचे बोल्ट बसतात त्या दोन चकत्यांमधलं, माप घेऊन पाठव. जॅकवर उचलून मोजलंस तर भाची म्हणणार नाही.

आणखी एक, हे थट्टेवारी नेऊ नकोस. जुलैत डाव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला, त्यानंतर हातात घेतलेलं हे पहिलंच काम. उजवा डोळा ठीक आहे म्हणाले डॉक्टर. पण पुण्याहून शिशिरचं एकच टुमणं चालू आहे, "पापा, अब बस करो, लेथ बेच दो." एकुलता एक मुलगा, रायपुरात वाढला, मराठी सगळी समजते आणि उत्तर हिंदीत देतो. मी त्याला सांगितलं आहे की इराचा शाफ्ट बरोबर बसला, तर लेथचं नाव पुन्हा काढायचं नाही. नाही बसला, तर माझा हात गेला असं समजून मी स्वतः ती उचलून देईन. लेथ गेल्यावर सकाळी आंघोळ करून मी कुठे जायचं, हे मला माहीत नाही. म्हणून माप नीट घे.

यज्ञेश्वरमामा


केशकाल
२८ सप्टेंबर

मामा,

माप वेगळ्या कागदावर आहे. सपाट जमीन, चारी चाकं खाली, आत औषधांच्या पेट्या आणि शेखर. (तेही नेहमीचंच वजन.) तीनदा मोजलं. दोनदा एकच आकडा आला. तिसऱ्यांदा टेप शेखरनी धरला होता, ते माप सोडून द्या.

आईसक्रीम नव्हतं, बर्फाचा गोळा होता, आणि मी सगळं ऐकत होते. म्हणून दाखवू? सरकता जोड उघडायच्या आधी दोन्ही तुकड्यांवर तेलात कालवलेल्या शेंदराचा ठिपका द्यायचा. जोडताना ठिपक्यासमोर ठिपका आणायचा. म्हणजे क्रॉसला धरणारे दोन्ही टोकांचे लोखंडी कान एका रेषेत राहतात, आणि एक क्रॉस फिरताना जो हिसका देतो तो दुसरा क्रॉस परत घेतो. रेष चुकली की हिसक्यात हिसका मिसळतो आणि गाडी थरथरते. पास? आणि तुम्ही मिशीवर हात फिरवून म्हणायचात, "ठिपका बाकीच्यांसाठी. मी तर कान पाहतो."

बाकी तुमचं अक्षर एवढं मोठं कधी झालं? एका पानावर नऊ ओळी! आधी मला वाटलं ट्रकच्या मागचा मजकूर आला. भनपुरीत कागद फुकट वाटतात का?

लेथ कुठे जात नाही. तुमच्या हाताचं काम चुकलेलं मी अजून बघितलेलं नाही, आणि शिशिरदादाला ते मी शुद्ध हिंदीत कळवायला तयार आहे.

इरा


तात्यापारा
३ ऑक्टोबर

इरावती,

शाफ्ट आला. म्हणजे इथून तुझ्याकडे गेला, हिरालालच्या बसने. नळी लांब केली, वेल्डिंग असं झालं आहे की बोट फिरवलं तर सांधा सापडणार नाही. मशीनवर घालून तोल बघितला, काटा हलला नाही, मग ग्रीस भरायला जोड उघडून ठेवला. नवमीला दुकान पूजेपुरतंच उघडलं. काल दसऱ्याला दुपारी शाफ्ट जोडला, ग्रीस भरलं, सोबत सोनं पाठवलं आहे. आपट्याची पानं पोत्याच्या तोंडाशी आहेत, म्हशीला खाऊ घालू नकोस.

जोड उघडायचा नाही. आहे तसा बसवायचा, चार बोल्ट पुढे, चार मागे.

खरं सांगतो, अष्टमीपर्यंत मनात धाकधूक होती. वेल्डिंगची ठिणगी पडली आणि हात आपोआप चालू लागला. शिशिरला सांगून टाकलं. त्याने "देखते हैं" म्हटलं. साहेब आहे तो.

मामा


केशकाल
९ ऑक्टोबर

मामा,

सोनं देवापुढे ठेवलं. शाफ्ट बसवला. मी आणि शेखर, दोघांनी मिळून, चार तास. तुम्ही पाऊण तासात केलं असतं, माहीत आहे.

तीसला गाडी लोण्यासारखी. चाळीसलाही. पन्नासला काटा गेला आणि पायाखालची पाटी गुणगुणायला लागली. पंचावन्नला आरसा हलायला लागला, त्यात मागच्या एका ट्रकचे तीन दिसत होते. साठला मागे बांधलेली बकरी उभी राहिली आणि माझ्याकडे अशी बघू लागली की मीच तिला काही बोलले. शेखर म्हणाले, "मॅडम, गाडीले थंडीताप भरला."

तुम्हाला हे लिहू की नको, याचा दोन दिवस विचार केला. तुम्ही शिशिरदादाला काय सांगून बसला आहात ते माहीत आहे. पण तुम्हाला खोटं लिहिलं तर तुम्ही बसमध्ये बसून याल आणि तोंडावर पकडाल. म्हणून लिहिते. काय करू?

इरा


तात्यापारा
१२ ऑक्टोबर

इरावती,

घाबरू नकोस, हा कोनाचा प्रकार आहे. पाटे बदलले की अ‍ॅक्सलचं नाकही फिरतं. पुढच्या क्रॉसचा कोन आणि मागच्या क्रॉसचा कोन सारखा हवा, नाहीतर एकाचा हिसका दुसऱ्याला पुरता परत घेता येत नाही. अ‍ॅक्सल आणि पाट्यांच्या मध्ये लोखंडी पाचर बसते. सोबत दोन पाठवल्या आहेत, स्वतः घासल्या. जाड बाजू कुठे ठेवायची ते चित्र काढलं आहे. चित्र कळलं नाही तर शेखरला दाखव, मग ते नक्कीच कळणार नाही, पण तुला एकटं वाटणार नाही.

थरथर जाईल. जायलाच हवी.

मामा


केशकाल
१९ ऑक्टोबर

मामा,

पाचरी बसवल्या. फरक पडला, खरंच पडला. पन्नासची थरथर आता पंचावन्नला सुरू होते. बकरी बसून असते, नुसते कान टवकारते.

पण आहे. थोडी आहे. तुम्ही मनाला लावून घेऊ नका, मला जंगलात साठने पळायचं कुठे आहे? दिवाळी नीट करा. मामीच्या अनारशांचा एक डबा हिरालालभैयांच्या हाती पडू दे, आणि डबा मोजून द्या, मागच्या वर्षी रस्त्यात चार कमी झाले होते.

इरा


केशकाल
१ नोव्हेंबर

मामा,

दिवाळी झाली, भाऊबीज झाली. ना पत्र, ना अनारसे. हिरालालभैया सांगतात, दुकान बंदच दिसतं. माझ्यावर रागावला असाल तर तसं लिहा, नऊ ओळींत मावेल. तुमच्या रागाची मला सवय आहे, गप्प बसण्याची नाही.

इरा


तात्यापारा
५ नोव्हेंबर

इरा बाळा,

मी मामी लिहिते आहे. पत्र लिहायची मला सवय नाही आणि यांनी वही संपवली आहे, म्हणून कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानावर लिहिते. आधी अनारशांबद्दल क्षमा कर, या वर्षी केलेच नाहीत. खाणारा माणूस नीट बसला तर करावंसं वाटतं.

तुझे मामा पाडव्यापासून दुकानात गेले नाहीत. सकाळी सातला आंघोळ करतात, दुकानाचा सदरा घालतात आणि खुर्चीत बसतात. मी विचारलं, "जाऊन नाही राहिले का आज?" तर म्हणाले, "हात गेला माझा, मंदा. पोट्टीची गाडी अजून थरथरून राहिली. दोनदा केलं, तरी थरथरून राहिली." एवढंच. शिशिरने गिऱ्हाईक बघितलं आहे. भनपुरीतलाच विनायक, त्याचं वर्कशॉप आहे. येत्या रविवारी, नऊ तारखेला, तो टेम्पो घेऊन लेथ न्यायला येतो.

खरं सांगू? मला आधी बरंच वाटलं होतं. म्हटलं, घरी राहतील, गरम जेवतील. पण इरा, हे घरी राहतच नाहीत. खुर्चीत असतात, घरात नसतात. काल वरणात मी मीठ घालायला विसरले, हे मुकाट्याने जेवले. एकोणचाळीस वर्षांच्या संसारात बिनबोलता जेवलेलं ते पहिलं अळणी वरण.

तू एक कर. थोडं खोटं बोल. गाडी आता छान पळते, असं लिहून टाक. जनावरांच्या डॉक्टरची गाडी तपासायला कोण येतंय?

मला तर दृष्टच लागली असं वाटतं. कारण खंडेनवमीला मी तुझ्या शाफ्टची किती मनापासून पूजा केली होती! वर्षातून त्या एका दिवशी मी दुकानात पाय ठेवते. सगळी हत्यारं पुसली, लेथला झेंडूचा हार घातला, तुझे दोन तुकडे पाटावर मांडले. त्यांच्यावर यांनी शेंदराचे ठिपके फासले होते, ओघळलेले, एक तर ग्रीसच्या डागातच. म्हटलं, पोरीच्या कामाला असं ओंगळ काय लावलंय. दोन्ही ठिपके स्वच्छ पुसले, आणि कोरडी जागा बघून तेलातलं कुंकू लावलं, चांगलं ठसठशीत. तरी अशी वेळ आली. देवाला काय कमी पडलं कोण जाणे.

पत्र लवकर लिही. रविवारच्या आत.

तुझी
मंदामामी


केशकाल
७ नोव्हेंबर, शुक्रवार

मामा,

हे पत्र हिरालालभैया तुमच्याच हातात देतील. विनायकच्या टेम्पोत एक बोल्टही चढवायच्या आधी वाचा. आणि मामीवर ओरडायचं नाही, हे आधी कबूल करा, मगच पुढची ओळ.

मामींनी मला खोटं लिहायला सांगितलं होतं. मी बसलेही होते लिहायला, चांगलं जमत होतं. "गाडी वाऱ्यासारखी पळते" इथपर्यंत आले आणि कॅलेंडरचं पान पुन्हा वाचलं. मग पेन ठेवलं आणि सतरंजी घेऊन थेट गाडीखाली गेले.

मामा, तुमचे शेंदराचे ठिपके मामींनी नवमीला पुसले. पूजेत. आणि शेजारी कोरडी जागा बघून कुंकवाचे लावले. तुम्ही दसऱ्याला शाफ्ट जोडलात तो कुंकवासमोर कुंकू आणून. भारतात शाफ्ट जोडायच्या बऱ्याच पद्धती असतील, हळदीकुंकवाची ही पहिलीच!

मी जोड सोडवला. तुम्ही उघडू नकोस म्हणाला होतात म्हणून इतके दिवस हात लावला नव्हता, आणि तुमच्याकडून आलेल्या वस्तूकडे संशयाने बघायची मला सवय नाही. एका तुकड्याच्या खाचेत शेंदराचा कण अजून होता. कान बघितले. दोन्ही टोकांचे कान एका रेषेत नव्हते, दोन दाते सरकलेले. मी ते दोन दाते मागे घेतले, ग्रीस भरलं, बोल्ट आवळले. मग घाट उतरून कांकेरच्या सरळ रस्त्याला लागले. पन्नास. साठ. सत्तर. पायाखालची पाटी चिडीचूप. शेखर झोपले. त्यांनी घोरायला सुरुवात केली तेव्हा मी रस्त्याच्या कडेला गाडी थांबवून रडले, आणि ते जागे होऊन म्हणाले, "मॅडम, पुन्हा काही पडलं का?"

तुमची नळी बरोबर. वेल्डिंग बरोबर. तोल बरोबर. पाचरीचा कोनही बरोबर. तुमच्या हाताने केलेली एकही गोष्ट चुकलेली नाही. लेथ कशाला देता?

पण एक विचारते, आणि इथे थट्टा नाही. ठिपका बाकीच्यांसाठी, तुम्ही तर कान बघता. गाडीखाली उताणं पडून, बॅटरीच्या उजेडात, मला ते वाकडे कान दिसले. तुमच्या टेबलावर, भर दुपारी, तुम्हाला का दिसले नाहीत?

इरा


तात्यापारा
१० नोव्हेंबर

इरावती,

तुझं पत्र रविवारी मिळालं. शनिवारी हिरालालला दुकान बंद दिसलं म्हणून तो पत्र परत घेऊन गेला. रविवारी कुणाच्या हाती न देता, भरलेली बस दुकानासमोर उभी करून स्वतः उतरला. प्रवासी शिव्या देत होते. टेम्पो लागला होता, लेथचे पायाचे बोल्ट सुटले होते, दोरखंड आवळायचा बाकी होता.

मी पत्र विनायककडे दिलं. म्हटलं, चष्मा घरी राहिला, तू वाच. मला ऐकू यावं म्हणून त्याने ते ओरडून वाचलं. मी ऐकलं, टेम्पोवाल्याने ऐकलं, समोरच्या टायरवाल्याने ऐकलं, आणि बसमधल्या लोकांनी शिव्या थांबवून ऐकलं. हळदीकुंकवाच्या पद्धतीपाशी सगळी भनपुरी हसली. तू "रडले" असं लिहिलं आहेस तिथे विनायकने ओरडणं सोडून ती ओळ माझ्या कानाशी येऊन वाचली. पोरगा चांगला आहे.

वाचून झाल्यावर त्याने पत्राची घडी घातली आणि मला विचारलं, "काका, हात तर चांगला आहे तुमचा. मंग लेथ काहून विकून राहिले?"

उत्तर होतं, पण सांगायची लाज वाटत होती. तू तेच विचारलं आहेस, म्हणून तुला सांगतो. चष्मा खिशातच होता.

उजवा डोळा ठीक आहे असं डॉक्टर म्हणाले नव्हते. डॉक्टरांनी त्याच्या ऑपरेशनसाठी सप्टेंबरची तारीख दिली होती, आणि मी गेलो नाही. डाव्या डोळ्याने लांबचं लख्ख दिसतं, पण वस्तू जवळ घेतली की उजव्याचं धुकं मधे येतं आणि एका रेषेच्या दोन होतात. तोल बघायच्या आधी कान हाताने चाचपून जुळवले होते आणि त्यावर शेंदराचे ठिपके दिले होते. दसऱ्याला मात्र नुसते बघितले, इरा. मला दोनाचे चार कान दिसले. मग लाल ठिपका दिसला, त्याच्यासमोर लाल ठिपका आणला आणि गप्प बसलो. चाळीस वर्षांत पहिल्यांदा ठिपक्यावर काम केलं, आणि तो ठिपका निघाला मंदाचा.

गाडी थरथरते असं तू लिहिलंस, तेव्हाच मनात आलं होतं की कान बघायला हवेत. पण तसं कबूल केलं असतं, तर डोळा कबूल करावा लागला असता. हात गेला म्हणणं सोपं होतं. हाताचं ऑपरेशन करत नाहीत. जुलैत त्या टेबलावर मी उठून बसलो होतो, तुला कुणी सांगितलेलं नाही. दोघी नर्सनी धरून निजवलं. लेथ देऊन टाकायला मी तयार झालो, पण त्या टेबलावर पुन्हा निजायला तयार होत नव्हतो. असा तुझा मामा.

तुझ्या चार इंचांना मी उगाच नावं ठेवली. शाफ्ट पहिल्यासारखा आडवा असता, तर एवढ्या चुकीची थरथर कुणाला जाणवलीच नसती. कोन वाढला म्हणून ती उघडी पडली. नाहीतर मी अजून वर्ष दोन वर्षं असाच ठिपक्यांवर शाफ्ट जोडत राहिलो असतो, आणि एखाद्या भरल्या ट्रकचा जोडला असता.

विनायकने लेथचे बोल्ट स्वतः परत आवळले आणि टेम्पो रिकामा नेला. घरी येऊन मंदाला सगळं सांगितलं. कुंकवाचं ऐकून तिने कपाळावर हात मारला. डोळ्याचं ऐकून मात्र जे बोलली ते इथे लिहिता येणार नाही. मी कानातलं यंत्र काढून ठेवलं होतं, तरी शब्दन् शब्द ऐकू आला. शिशिरला तिनेच फोन केला. तो काय म्हणाला विचारलं, तर म्हणे सगळं ऐकून तो चक्क मराठीत म्हणाला, "आई, मी येतो."

ऑपरेशन मंगळवारी, अठराला, समता कॉलोनीत, सकाळी नऊ वाजता. मंदा असेल, शिशिर असेल. पण मंदा बाहेर बसून जप करेल आणि शिशिर डॉक्टरांना अक्कल शिकवेल. तू आडदांड जनावरं धरून ठेवतेस, तुला सवय आहे. आत येऊ देतात का ते विचारून ठेवलं आहे, दारापर्यंत येऊ देतात. तिथपर्यंत माझा हात धर. लोकांना काय सांगायचं ते सांगू, उंच केलेली गाडी मामाला दाखवायला आली म्हणून सांगू.

इतकं मोठं पत्र मी आजवर कुणाला लिहिलेलं नाही. आता आणखी काय लपवायचं. मले लय भेव वाटून राहिलं, पोट्टे. तू ये.

यज्ञेश्वरमामा